पाहणीतलं उत्तर आणि पेटीतलं मत

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, व्हर्जिनियात असतो. तो सांगतो, अमेरिकेत १९५८ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला जेमतेम ४ टक्के लोकांची मान्यता होती, आता ९४ टक्क्यांची आहे. मग मतदानात गोरे एकीकडे आणि काळे दुसरीकडे असं का दिसतं? लोक पाहणीत खोटं बोलतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : भाच्याचे आकडे बरोबर आहेत. गॅलप संस्थेच्या पाहण्यांतले ते आहेत, दुसरा २०२१ सालचा. पण मधला एक आकडा त्याने गाळला, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

रिचर्ड लव्हिंग हा व्हर्जिनियातला गोरा गवंडी. त्याने मिल्ड्रेड या काळ्या मुलीशी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण व्हर्जिनियात अशा लग्नांना कायद्याने बंदी होती. १९५८ च्या जुलैत पोलीस रात्री थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. शिक्षा झाली : एक वर्ष तुरुंग, नाहीतर २५ वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल टाकायचं नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने मोडीत काढला. पुढच्याच वर्षी अशा लग्नांना मान्यता देणारे होते २० टक्के! निम्म्याच्या वर लोक आले ते १९९० नंतर. न्यायालय लोकमताची वाट बघत बसलं असतं, तर रिचर्डला आपल्या गावात संसार करायला मिळालाच नसता. तो १९७५ मध्ये अपघातात गेला. आधी नियम बदलला, मनं मागाहून वळली.

आता खोटं बोलण्याचं. थोडंफार बोलतात. अलाबामाच्या राज्यघटनेत हीच लग्नबंदी नुसती कागदावर उरली होती. २००० मध्ये ती काढायला मतदान घेतलं, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी ‘राहू द्या’ म्हणून मत दिलं. पडद्याआड माणूस मोकळा होतो.

पण सगळा दोष खोटेपणाला देऊ नका. परक्याच्या लग्नाला ‘हो’ म्हणायला पदरचं काही जात नाही. मत देताना शाळा, कर, पोलीस, घराची किंमत असं सगळं डोळ्यांपुढे येतं. २००८ मध्ये ओबामांना काळ्यांची ९५ टक्के मतं पडली, गोऱ्यांची ४३. काळ्यांचं हे एकगठ्ठा मतदान म्हणजे आंधळी जातभक्ती, असं आपल्याकडची मंडळी पटकन म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

मी व्हर्जिनियातच, रिचमंडला, १९ वर्षं होते. नागरिकत्व मिळाल्यावर निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करायची. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलेलं, पुढ्यात मतदारयादी. आमच्या गल्लीतल्या एक काळ्या आजी पहाटे दार उघडायच्या आधीच येऊन उभ्या असायच्या. एकदा त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातला पिवळा पडलेला कागद काढून दाखवला. मतकराची पावती. वर्षाला दीड डॉलर, आणि तीन वर्षांचा कर चुकता असेल तरच राज्याच्या निवडणुकीत मत. व्हर्जिनियात हे १९६६ पर्यंत चाललं. काळ्यांना, आणि गरीब गोऱ्यांनाही, मतपेटीपासून लांब ठेवायला १९०२ च्या राज्यघटनेने केलेली ती तजवीज होती.

“साडेचार डॉलर,” आजी म्हणाल्या, “आईने लोकांचे कपडे धुऊन भरले.” पावती पुन्हा घडी करून त्यांनी पाकिटात ठेवली आणि यादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.