प्रवेश कुठे घ्यावा, हे विचारणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मानसशास्त्रात एम.ए. झाले, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणासाठी दोन संस्थांत मुलाखतीपर्यंत पोहोचूनही जागा मिळाली नाही, एम.फिल. आता बंद होणार असे जो तो सांगतो आहे, वडील म्हणतात की हाताला येईल ते धर, आणि अशातच कोणीतरी सहा आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन लगेच समुपदेशक म्हणून बसण्याचा मार्ग दाखवला आहे. या सगळ्यांविषयी तू फी विचारलीस, कालावधी विचारलास, शहर विचारलेस आणि पदवीच्या नावाला बाजारात किती वजन आहे हेही विचारलेस. तिथे तुझी चूक कोण पकडणार, हे मात्र सबंध पत्रात एकदाही विचारलेले नाही. मला त्याचे वाईट वाटले आणि रागही आला, कारण वर्गात दोन वर्षे मी तुम्हाला याखेरीज दुसरे फारसे काही सांगितलेच नव्हते.

नियमांचा भाग आधी उरकते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांची चाचण्यांनी तपासणी आणि थेरपीने उपचार करणारा, ही उपाधी आपल्या मनाने लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार या व्यवसायासाठी नोंदणी लागते आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही परिषदेने मान्य केलेली पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर पूर्णवेळ दोन वर्षांचे आणि देखरेखीखाली क्लिनिकल प्रशिक्षण घेऊन केलेले एम.फिल. मागतो. देखरेखीची अट कायद्याच्या व्याख्येतच घातलेली आहे, हे तुझ्या वडिलांनाही वाचून दाखव. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या विनियमांनी एम.फिल. बंद केले, आपल्या विषयाला 2025-26 पर्यंत मुदत मिळाली, आणि पुढच्या काळासाठी परिषदेच्या मान्यतेने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) असे मार्ग आखलेले आहेत. या बदलाने तू इतकी का हादरलीस हे मला खरोखर कळले नाही. बंगळूरला 1955 साली हे प्रशिक्षण सुरू झाले तेव्हा ती वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका होती. नंतर तिच्या नावात सामाजिक मानसशास्त्र आले, मग एम.फिल. आले, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आले. नावे बदलत गेली तरी वॉर्ड, रुग्ण आणि प्रशिक्षणार्थ्याची टिपणे वाचणारा ज्येष्ठ माणूस या तीन गोष्टी राहिल्या. त्या जिथे आहेत तिथे जा, मग प्रमाणपत्रावर काहीही छापलेले असो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे वळते. माझ्या हाताखाली शिकणारा एक मुलगा फार मायाळू होता. त्याच्याकडे मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक रुग्ण होता. गॅसची कळ बंद केली की नाही, आपल्यामुळे घरच्यांना काही होणार तर नाही, या शंकेने तो माणूस पिचला होता. प्रत्येक सत्रात तो विचारी, ‘‘खरंच काही होणार नाही ना?’’ आणि हा मुलगा दर वेळी मनापासून सांगे, ‘‘नाही हो, काही होणार नाही.’’ रुग्णाला तेवढ्यापुरते बरे वाटे, तो आभार मानून जाई, आणि मुलाला वाटे की उपचार चांगले चालले आहेत. सत्राचे शब्दशः टिपण सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे शिकणाऱ्याचे काम ज्येष्ठाने तपासण्याच्या बैठकीत, माझ्यासमोर आले तेव्हा दिसले की धीर देण्याचा हा प्रकार कळ पुन्हापुन्हा तपासण्याचेच काम करत होता: भीती क्षणभर ओसरायची, शंका अधिक जोराने परतायची, आणि आता तर तो रुग्ण घरातल्या प्रत्येकाकडून तेच उत्तर मागू लागला होता. या आजारात रुग्णाला भीतीला सामोरे नेऊन त्याचे तपासणे-विचारणे रोखायचे असते आणि उत्तर न देता रुग्णासोबत बसून राहायचे असते. मुलाने हे पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. समोर माणूस कळवळून विचारतो तेव्हा वाचलेले आठवत नाही, आणि आपण चुकतो आहोत हे आपल्याला आतून जाणवत नाही, कारण त्या क्षणी आपल्याला आपण फार चांगले वाटत असतो. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रानंतर तू खोलीत एकटी बसलीस, तर तुझी अशी चूक कोण पकडणार? रुग्ण पकडणार नाही. तो तर आभार मानत असतो.

निराशा म्हणून आलेल्या बाईची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असू शकते, विचित्र वागण्याच्या झटक्यांमागे अपस्मार असू शकतो, आणि दारू अचानक सोडलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भलतेच काही दिसू लागल्याचे सांगतो तेव्हा त्याला समुपदेशनाची नव्हे, तातडीने रुग्णालयाची गरज असते. शेजारच्या खोलीत मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी हे दोन वर्षांत अंगवळणी पडते. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायलाही असेच कोणाच्या तरी समोर शिकावे लागते. नवखी मुले घाबरून हा प्रश्न टाळतात, जणू विचारल्यानेच तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि पुष्कळांना कोणी विचारल्याने हायसे वाटते.

चाचण्यांकडे तू ‘‘त्या काय, मॅन्युअलवरून येतात’’ असे म्हणून पाहिलेस, ते वाक्य मी दोनदा वाचले. कामतांनी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, मॅलिन यांनी नागपुरात बसून वेक्सलरची मुलांची बुद्धिमत्ता चाचणी आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय मुलांसाठी बेतली, भाटियांनी शाळेत न गेलेल्यांचाही विचार करून कृतींवर आधारलेली चाचणीमाला रचली. ही माणसे आपल्याच मातीत खपली आहेत. व्हाइनलँडच्या मुलाखतीत आई म्हणते, ‘‘सगळं करतो माझा बाळ’’, आणि शर्टाची बटणे कोण लावते, ताट कोण वाढते असे एकेक विचारत गेले की कळते, सगळे तीच करते. तिथे घाईने भरलेला आकडा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर जातो आणि त्यावर त्या मुलाच्या सवलती ठरतात.

तुझ्या पत्रातला एक युक्तिवाद मला मुळीच पटला नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक लोक त्या वेळी मानसिक आजाराने ग्रस्त आढळले आणि त्यांतले बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. मग इतकी गरज असताना वर्षे घालवायची कशाला, असे तू विचारतेस. गरज मोठी आहे म्हणूनच अर्धवट शिकलेल्या माणसाला तिथे सोडता येत नाही. पहिल्यांदाच हिंमत करून आलेल्या माणसाला वाईट अनुभव आला तर तो पुन्हा कोणाकडेच जात नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही सर्वेक्षणात होत नाही.

मी इतकी हट्टी का झाले हेही सांगते. प्रशिक्षण संपवून मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. तिथल्या विभागप्रमुखांना माझ्याकडून फक्त बुद्ध्यंकाचे आकडे हवे होते. थेरपी मी करी, पण ती पाहणारे, वाचणारे, अडवणारे कोणीही नव्हते. माझ्या उमेदीची वर्षे अशी गेली. त्या काळातल्या माझ्या वह्यांवर दुसऱ्या कोणाचे अक्षर नाही, याची खंत मला आजही आहे. पुढे मी माझ्या जुन्या शिक्षिकेला गळ घातली, ट्रंक कॉलचे पैसे घरखर्चातून काढले आणि दर शनिवारी त्यांना केस ऐकवू लागले. म्हणून मी विद्यार्थ्यांचे अहवाल तीन-तीनदा परत करते. मी कठोर आहे, मुले मला घाबरतात, काहींनी माझ्याकडून मार्गदर्शक बदलून घेतला, हे सगळे माझ्या कानावर आहे. मी त्यात काहीही बदलणार नाही. ज्यांचे अहवाल परत गेले, त्यांतले कितीतरी जण आज स्वतःच्या विद्यार्थ्यांचे अहवाल परत करत आहेत, आणि ते मी माझे काम मानते.

तेव्हा आता असे कर. परिषदेच्या संकेतस्थळावर त्या-त्या वर्षाची मान्यता आणि जागांची संख्या स्वतः तपास, कारण मान्यता ठरावीक मुदतीची असते. पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, तेजपूर आणि बंगळूर इथल्या मानसिक आरोग्य संस्था, सगळीकडची माहितीपत्रके मागव. हिंदी तुला उत्तम येते, तेव्हा रांची लांब वाटू देऊ नकोस. परभाषेत रुग्णाची हकिगत घेणे किती कठीण असते, याचा विचार तेजपूरबाबत जरूर कर. खाजगी विद्यापीठाने लाखांत फी सांगितली तर इमारत पाहू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचार: आठवड्यात सुपरव्हिजन किती तास मिळते, थेरपीची टिपणे कोण वाचते, वॉर्डात भरती रुग्ण असतात का, आणि मार्गदर्शक म्हणून ज्यांची नावे छापली आहेत ते विभागात येतात का. शेवटच्या प्रश्नावर ती मुले एकमेकांकडे पाहू लागली तर अर्ज भरू नकोस.

या वर्षी कुठेच जागा मिळाली नाही, तर नोंदणीकृत व्यक्तीच्या हाताखाली वर्षभर काम कर, पगार कमी असला तरी चालेल. वडिलांशी मी बोलेन; रविवारी सकाळी त्यांना फोन करायला सांग. दोन्ही मुलाखतींत कोणत्या केसवर अडकलीस ते लिहिलेच नाहीस. त्या केसची पूर्ण हकिगत आणि मानसिक अवस्थेची तपासणी, नाव-गाव वगळून, हाताने लिहून या आठवड्यात पाठव. निष्कर्ष आधी लिहू नकोस.

तुझी,
बाई