तिच्या हातात कर्णा कशासाठी?

प्रश्न : सतराव्या शतकातले डच चित्रकार योहानेस व्हर्मीर यांच्या ‘चित्रकला’ या चित्राची प्रतिमा नुकतीच पाहिली. पाठमोरा बसलेला चित्रकार एका तरुणीचे चित्र रंगवतो आहे. तिच्या डोक्यावर पानांचा मुकुट, एका हातात लांब कर्णा आणि दुसऱ्या हातात जाड ग्रंथ आहे. या वस्तूंचे अर्थ चित्रकाराच्या मनात होते, की ते समीक्षकांनी मागाहून चिकटवले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : या तीन वस्तूंपुरते बोलायचे तर अर्थ निःसंशय चित्रकाराच्याच मनातले आहेत. चेझारे रीपा यांनी रोममध्ये १५९३ साली ‘इकोनोलोजिया’ हा कोशवजा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सत्य, श्रद्धा, कीर्ती अशा अमूर्त कल्पनांना मानवी रूप देताना कोणती लक्षणे दाखवावीत, हे त्यात नोंदवले. १६४४ मध्ये त्याचा डच अनुवादही निघाला. त्यातली इतिहासदेवता क्लिओ हुबेहूब अशीच आहे : कर्णा कीर्तीचा, ग्रंथ इतिहासलेखनाचा, आणि लॉरेलची पाने (आपल्या तमालपत्राची ही भाऊबंद) सदाहरित असल्यामुळे गतकाल जिवंत ठेवणाऱ्या इतिहासाची खूण. वीणा आणि पुस्तक दिसताच आपण सरस्वती ओळखतो, तीच ही रीत. आता चित्रातल्या चित्रकाराच्या फलकाकडे बारकाईने पाहा. चेहऱ्याला त्याने अजून हात लावलेला नाही. रंगवून झाली आहेत ती मुकुटाची काही निळसर पाने.

शिवाय व्हर्मीर १६७५ मध्ये वारल्यानंतर, कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या त्यांच्या पत्नीने हे चित्र आपल्या आईच्या नावे केले, तेव्हाच्या दस्तऐवजातही त्याचा विषय ‘चित्रकला’ असाच नोंदलेला आहे. हे केवळ एका मुलीचे व्यक्तिचित्र नव्हे, हे घरच्यांना ठाऊक होते.

मागच्या भिंतीवरच्या नकाशाबाबत मात्र इतक्या खात्रीने बोलता येत नाही. तो नेदरलँड्सच्या अखंड सतरा प्रांतांचा आहे. त्यांतील उत्तरेकडच्या सात प्रांतांचे स्वातंत्र्य स्पेनने १६४८ मध्ये मान्य केले होते. नकाशाच्या मधोमध पडलेली उभी घडी म्हणजे ती फाळणी आणि वरच्या झुंबरावरचा दोन तोंडांचा गरुड म्हणजे स्पेनवर राज्य करणारे हाब्सबुर्ग राजघराणे, असे काही अभ्यासक मानतात. गरुड त्या घराण्याचे चिन्ह होता, हे खरे. झुंबरात मेणबत्त्या नाहीत, म्हणून त्या घराण्याची सत्ता मावळली, असेही सुचवले जाते. घडीचा अर्थ मात्र मी तर्क म्हणूनच बाजूला ठेवीन, कारण वापरातल्या नकाशाला घड्या पडतातच.