उबंटू सर्व्हरवर कॉकपिट ‘ऑफलाइन’ का म्हणतं?

मडगावच्या सर्व्हरला इंटरनेट आहे, टर्मिनलवरून ॲप्ट अपडेटही चालतं, तरी कॉकपिटचं (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या साधनाचं) अपडेटचं पान ‘ऑफलाइन’ म्हणून अडतं ना? नेटचा दोष नाही. कॉकपिट अपडेट पॅकेजकिट या मधल्या सेवेकडून घेतं, पॅकेजकिट नेटची खबर नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामला विचारतं, पण उबंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळतो दुसराच प्रोग्राम, सिस्टमडी-नेटवर्कडी. नेटवर्कमॅनेजरच्या हाती एकही नेटवर्क कार्ड नाही, म्हणून तो ‘नेट नाही’ सांगून मोकळा होतो.

उपाय म्हणजे नेटवर्क त्याच्याच हाती देणं. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क मांडणीच्या साधनाच्या) यॅमल फाइलीची प्रत काढून ठेवा, फाइलीत ‘रेंडरर’ (नेटवर्क कोणी सांभाळायचं ते) पुढे नेटवर्कमॅनेजर लिहा (स्पेसच, टॅब चालत नाही), मग सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून नेटप्लॅन ट्राय ही कमांड चालवा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते. तरीही हे दूर पणजीत बसून करू नका. कनेक्शन तुटलं तर मडगाव गाठावं लागेल.