पट्टी खाली घ्यायला लाजू नकोस

अरे, नाशिकच्या कालिदास कलामंदिरात टाळ्या घेतल्यास, फार बरं वाटलं. पण आत्तापासूनच गळ्यावर जोर देऊन नाही, श्वासावर गा. पन्नाशीनंतर माझे वरचे सूर गेले. दोन वर्षं मी हट्टाने जुन्याच पट्टीत किंचाळत राहिलो, गळा सुजवून घेतला. शेवटी गिटारवाल्याला म्हटलं, अख्खं गाणं दोन फ्रेट, म्हणजे एक पूर्ण सूर, खाली घे. गंगापूर रोडवरच्या छोट्या कार्यक्रमात कुणाला फरक कळलाही नाही. उलट शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले.

छोटा कार्यक्रम नाकारू नकोस. रॉक गायिका टीना टर्नरही पडत्या काळात हॉटेलांत गायली. १९८४ मध्ये, ४४व्या वर्षी, ती अमेरिकेत गाण्यांच्या यादीत पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावर झळकली.

आणि थंडीत गोदाकाठी फिरून आल्या आल्या रियाजाला बसू नकोस. आधी कोमट पाणी, मग नुसतं गुणगुणणं.