पाच गुण आणि पंचगंगा

प्रश्न : बाई, आमच्याकडे सोमवारी रात्री जेवणं आटोपली की ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही ब्रिटिश विद्यापीठांची टीव्हीवरची प्रश्नमंजुषा लागते. 2025 चा अंतिम सामना केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजने वॉरिक विद्यापीठाविरुद्ध 175-170 असा जिंकला. तेव्हापासून माझं आणि लेकाचं वाजलंय. तो म्हणतो, इतका अटीतटीचा सामना शेवटच्या प्रश्नावरच ठरतो, आधीचं सगळं नुसतं वाट पाहणं. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. तुम्ही निवाडा करा.
(एक वाचक, लंडन)

उत्तर : निवाडा तुमच्या बाजूने, पण पूर्ण नाही. लेकाला एवढ्यात पेढे वाटू देऊ नका आणि स्वतःही वाटू नका.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी नियम सांगते. चार-चार जणांचे दोन संघ असतात. बझरवरचा प्रश्न, म्हणजे ‘स्टार्टर’, दहा गुणांचा, त्याला आपसात बोलायचं नाही. उत्तर बरोबर आलं की त्याच संघाला पाच-पाच गुणांचे तीन बोनस प्रश्न मिळतात, तिथे कुजबुजीला परवानगी असते. प्रश्न वाचून व्हायच्या आत बझर दाबलात आणि चुकलात, तर पाच गुण वजा, शिवाय समोरच्यांना तो प्रश्न शेवटपर्यंत ऐकायला मिळतो. प्रश्न संपल्यावर चुकलात तर दंड नाही. किती प्रश्न होणार ते ठरलेलं नसतं. घंटा वाजली की सूत्रधाराचं वाक्य अर्धवट असलं तरी खेळ खलास.

आता हिशेब बघा. या खेळात सगळे गुण पाचाच्या पटीत, म्हणजे पाचापेक्षा कमी फरकाने जिंकताच येत नाही. 175-170 याहून चुरशीचा सामना गणितातच बसत नाही. आणि पाच गुण म्हणजे काय? एक बोनस, किंवा एकदा घाईने दाबलेलं बटण. ते तिसऱ्या मिनिटाला दाबलं काय किंवा शेवटच्या, गुणपत्रिकेत त्याचं वजन तेवढंच. शेवटचा प्रश्न आठवतो, कारण तेव्हा सगळे श्वास रोखून बसलेले असतात. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी पापडाचा डबा उघडत असतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2003-04 मध्ये सिद्धार्थ बसूंनी बीबीसी वर्ल्डवर याच खेळाची भारतीय आवृत्ती केली होती. आमच्या गावात ती केबलवर दिसायची. मी नियम वहीत उतरवून घेतले आणि त्याच डिसेंबरात शाळाशाळांच्या सामन्यांना लावले. विज्ञानाच्या सरांनी दारावरच्या बेलची आठ बटणं एका फळीवर ठोकून दिली. आमच्यासाठी लाल बल्ब, पाहुण्यांसाठी हिरवा. सगळं झकास, फक्त लोडशेडिंग सांभाळून सामना उरकायचा.

आमचा संघ 105-110 असा हरला. शेवटचा प्रश्न आमच्या कॅप्टनला येत होता, पण बिचाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटली. झालं, गॅलरीपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांनी त्याला धरलं. पोरगं दोन दिवस डबा न उघडता घरी नेत होतं. मी गुणपत्रक काढून बसले. पेन्सिलीने भरलेलं, खाडाखोड केलेलं. त्यात सातव्या प्रश्नापुढे आमच्या रकान्यात वजा पाच.

सातवा प्रश्न असा होता : “कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम महाबळेश्वरला मानतात. त्यांपैकी बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळणारी नदी कोणती?” मी “पाच नद्यांचा” म्हणतेय तोच लाल बल्ब पेटला आणि आमचा दोन नंबरचा गडी ओरडला, “पंचगंगा मंदिर!” त्याच्या डोक्यात सहलीचं देऊळ. वजा पाच. मग पाहुण्यांनी प्रश्न निवांत ऐकला, “सावित्री” म्हणाले, दहा घेतले, वर दोन बोनस काढले. एका बटणाची किंमत पंचवीस गुण.

इथपर्यंत ऐकून तुम्ही लेकाकडे विजयी नजरेने बघाल. थांबा. त्याच गुणपत्रकात त्याच पंचगंगावाल्याच्या नावावर तीन स्टार्टर होते, आणि तिन्ही त्याने प्रश्न अर्धा असतानाच घेतलेले. त्याचा हात बांधून ठेवला असता तर आम्ही 105 पर्यंत पोचलोच नसतो. म्हणून “घाई करू नका” हा उपदेश मी कधी केला नाही. मी एवढंच शिकवलं, की बटणाआधी फळ्यावरचे गुण बघ. वेळ संपत आली आहे आणि तुम्ही मागे आहात, तर दाबा. गप्प राहून हरण्यापेक्षा वजा पाच परवडतं. पाच गुणांनी पुढे असाल तर चुकीच्या एका बटणाने बरोबरी होते आणि समोरच्यांना सबंध प्रश्न आयता मिळतो. तिथे अर्धा क्षण जास्त ऐका. मात्र समोरचाही हाच विचार करत असतो आणि त्याला दाबायचंच असतं, म्हणून तो अर्धा क्षण जिवावर येतो. तुमचा मुलगा ज्याला शेवटच्या प्रश्नाची जादू म्हणतो ती एवढीच. ती नाही असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. त्याच सामन्यात एका बोनसला आमची चार नंबरची मुलगी बरोबर उत्तर पुटपुटली होती. कॅप्टनने मोठ्याने बोलणाऱ्याचं ऐकलं. पाच गुण तिथेही गेले, आणि त्याची नोंद तर पेन्सिलीनेसुद्धा कुठे होत नाही. पुढच्या वेळी टीव्हीवर बघाल तेव्हा बझरकडे नको, कुजबुज चालू असताना कॅप्टनची मान कुणाकडे वळते ते बघा. ज्याची मान फक्त एकाच बाजूला वळते त्याचा संघ मला फारसा पुढे जाईल असं वाटत नाही.

प्रश्न : बरोबरी झाली तर काय करतात? आणि ते दोन संघ खरंच एकावर एक बसतात का?
(इयत्ता सहावी, नाव सांगणार नाही)

उत्तर : नको सांगूस. बरोबरी झाली तर आणखी एक बझरचा प्रश्न. जो बरोबर उत्तर देईल तो जिंकला. कुणालाच आलं नाही तर पुढचा. पण मध्येच दाबून चुकलास तर तिथेच हरलास, वजा पाचाने. दुसऱ्याचं उत्तर, नाही. ते शेजारी-शेजारीच बसतात, पडद्यावर डबलडेकरसारखे दाखवतात. मलाही चाळिशीपर्यंत खरंच वाटत होतं.

प्रश्न : ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’चे सूत्रधार म्हणून अमोल राजन यांनी 2024 मध्ये एका संगीतप्रकाराच्या प्रश्नाला “ड्रम अँड बेस” हे उत्तर नाकारून “जंगल” हवं असं सांगितलं. ती चित्रफीत फार फिरली, लोकांनी तिच्यावर गाणी केली. एवढ्या जवळचं उत्तर नाकारणं न्याय्य आहे का? चुरशीच्या सामन्यात हा अन्याय नव्हे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या संगीतातलं मला ओ का ठो कळत नाही. पण हातात कार्ड धरून बसण्याची तऱ्हा मला माहीत आहे. त्या क्षणी सूत्रधाराने दया दाखवायला सुरुवात केली, की पुढच्या प्रत्येक उत्तराला पंचायत भरते. कार्डावर “जंगल” असेल तर जंगलच. दोष असलाच तर कार्ड लिहिणाऱ्याचा, आणि तो आदल्या आठवड्यात काढायचा.

हे ठणकावून सांगतेय खरी, पण माझ्या कपाळावर एक डाग आहे. “सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर कोणतं?” असं मी एका सामन्यात विचारलं. कार्डावर कळसूबाई, 1646 मीटर. एक किडकिडीत मुलगा म्हणाला, “आनाइमुडी.” मी “चूक” म्हणून पुढे सरकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लख्ख प्रकाश पडला. सह्याद्री म्हणजेच पश्चिम घाट धरला तर तो थेट केरळात जातो आणि तिथलं आनाइमुडी 2695 मीटर. मला “महाराष्ट्रातलं” म्हणायचं होतं आणि तो एक शब्द मी खाल्ला. भूगोलाची शिक्षिका! सकाळी त्या शाळेत जाऊन वर्गासमोर सांगून आले. गुण परत देता आले नाहीत, निकाल लागला होता. मुलगा म्हणाला, “असू दे बाई.” त्या “असू दे”ने जास्त लागलं.

प्रश्न : आपल्याकडचं कुणी त्या ब्रिटिश संघांना कधी हरवलंय का, की नुसतं बघायचंच?
(एक वाचक, अंधेरी)

उत्तर : अहो, तुम्ही अंधेरीत राहून हे विचारता? तुमच्या भवन्सच्या आवारातलं सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग! वर सांगितलेल्या बसूंच्या मालिकेचा 2004 मधला अंतिम सामना त्यांनी हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसविरुद्ध जिंकला. मग खास ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजलाही हरवलं. (स्पेलिंग बघून ‘कायस’ म्हणाल तर सूत्रधार भुवई उंचावेल.) हे कीजवाले त्या वर्षीचे ब्रिटिश उपविजेते होते. अंतिम सामन्यात ऑक्सफर्डच्या मॉडलिनकडून 190-160 असे हरलेले. म्हणजे कच्चे लिंबू नव्हते.

मी ही बातमी दुसऱ्या दिवशी आठवीच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पंचगंगावाल्याने मात्र हात वर केला. “बाई, त्यांनी किती वेळा चुकीचं दाबलं?”