क्लोरोफॉर्मची बाटली खराब नाही, उलट चांगली आहे

तुमचा प्रश्न असा: मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की लगेच दह्यासारखा पांढरा साका येतो, मग रेणूत तीन-तीन क्लोरीन असलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये काहीच का होत नाही? बाटली खराब आहे का? आणि कार्बनला क्लोरीन किंवा फ्लोरीन जोडलेल्या अशा संयुगांचे उपयोग काय?

सिल्व्हर नायट्रेटला नुसता क्लोरीन चालत नाही, क्लोराइड आयन, म्हणजे ऋणभार असलेला क्लोरीन लागतो. मिठाच्या पाण्यात तो मोकळा फिरत असतो. क्लोरोफॉर्ममध्ये क्लोरीन कार्बनला सहसंयुज बंधाने (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेल्या जोडाने) घट्ट धरून बसलेला असतो, पाणी घातलं म्हणून सुटत नाही.

सोडवायचाच असेल तर अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर गरम करा. पोटॅशियम फॉर्मेट आणि पोटॅशियम क्लोराइड तयार होतं. गार झाल्यावर नायट्रिक आम्ल घालून लिटमस लाल होतोय ना ते पाहा, मगच सिल्व्हर नायट्रेट. मी पहिल्यांदा आम्ल विसरलो आणि सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी गाळ बघत बसलो होतो. पाणी ऊर्ध्वपातितच (डिस्टिल्ड) घ्या, नळाच्या पाण्यात क्लोराइड असतो, सिल्व्हर नायट्रेटने ते स्वतःच गढूळ होतं. आणि कुणी सोडियम धातूबरोबर तापवायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका, क्लोरोफॉर्म आणि सोडियमचा स्फोट होतो.

उपयोगांचं विचारलंत, तर बरेचसे कार्बनच्या अशा बंधांच्या ताकदीवर उभे आहेत. कार्बन-फ्लोरीन बंध तोडायला मोलमागे सुमारे 485 किलोज्यूल लागतात, कार्बन-क्लोरीनला 330 च्या आसपास, कार्बन-आयोडीनला त्याहूनही कमी. म्हणून टेफ्लॉनला, म्हणजे कार्बन-फ्लोरीनच्या प्लॅस्टिकला आम्लं शिवत नाहीत. पूर्वी फ्रिजमध्ये वापरले जाणारे सीएफसीही (क्लोरोफ्लुरोकार्बन) असेच निष्क्रिय, म्हणून तर ते निवडले गेले. पण तोच गुण अंगाशी आला: न तुटता ते वर स्थितांबरात (वातावरणाच्या ओझोन असलेल्या थरात) पोहोचले, तिथल्या अतिनील किरणांनी कार्बन-क्लोरीन बंध तोडला आणि सुटलेला क्लोरीन ओझोनच्या मुळावर आला. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हे 1974 मध्ये सांगितलं, सीएफसी आवरण्याचा माँट्रियल करार 1987 चा.

आता तुमची बाटली. हवा आणि उजेड लागला की क्लोरोफॉर्मपासून फॉस्जीन हा विषारी वायू आणि हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. म्हणून क्लोरोफॉर्म तपकिरी बाटलीत, थोडं इथेनॉल घालून ठेवतात. बिघडलेला क्लोरोफॉर्म पाण्याबरोबर हलवून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर गढूळपणा येतो. तुमच्याकडे आला नाही ना? मग बूच घट्ट लावा आणि बाटली अंधारात ठेवा.