जुना पेट्रोल ट्रॅक्टर गरम झाला की ताकद का सोडतो?

तुम्ही लिहिलंय की तुमचा १९४९चा फोर्ड ८एन सकाळी चटकन सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटं गवत छान कापतो आणि मग लोड घेईनासा होतो. मिसिंग करत, म्हणजे ठोके चुकत, बंद पडतो, तासाभराने पुन्हा जसाच्या तसा चालतो. कार्बोरेटर नवा टाकला तरी फरक नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, ‘मागच्या मालकाने ६ व्होल्टचा १२ व्होल्ट करून घेतला होता.’

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. बाकीचे लोक तुम्हाला टाकी धुवायला सांगतील. मी आधी आमच्या घरातलं सांगते.

आम्ही ओहायोत जुनं घर घेतलं तेव्हा मागच्या गोठ्यात हाच ट्रॅक्टर उभा होता, १९४८चा. नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही आणि तो तसं कबूलही करतो. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्या विहिरीवर रॉकेलवर चालणारं पंपाचं इंजिन होतं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. त्याचा प्लग काढून घासणं हे शाळेत असल्यापासून माझं काम, त्यामुळे हा ट्रॅक्टर मला परका वाटला नाही.

पहिल्या हिवाळ्यात तो सुरू व्हायला कुरकुर करायला लागला. थँक्सगिव्हिंगला मोठे भाऊजी आले होते. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मिशिगनमध्ये असतात. बॅटरीवरचं ६ व्होल्ट वाचून हसले. ‘वहिनी, हा काय खेळण्यातला करंट!’ दुसऱ्या दिवशी १२ व्होल्टची बॅटरी आली, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, मुळात पॉझिटिव्ह अर्थ होता (बॅटरीचं धन टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला) तो निगेटिव्ह झाला. बटण दाबताच ट्रॅक्टर असा फिरला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी फोटो काढून परत गेले.

उन्हाळ्यात गवत कापायला काढला आणि तुमचंच दुखणं सुरू झालं. फोन केला तर म्हणाले, ‘इग्निशन, ठिणगीची सगळी जोडणी, मी स्वतः केलंय, तिकडे बघायचंच नाही. पेट्रोलमध्ये कचरा आहे.’ मोठ्या भावाचा शब्द, त्यामुळे नवऱ्याने टाकी रिकामी केली, कॉकखालची, गाळ साठणारी काचेची वाटी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. काही उपयोग झाला नाही. मी म्हणत होते की प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, येते का बघा, पण तो बघायचा कधी, यावरही वाद. गार इंजिनावर बघून ‘झकास आहे’ म्हणणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं.

शेवटी एका संध्याकाळी मी एकटीच ट्रॅक्टर घेऊन उंच गवतात शिरले आणि तो मरायला लागेपर्यंत चालवला. फडफड सुरू होताच चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) अर्धा ओढला. पेट्रोल कमी पडत असेल तर चोक ओढल्यावर इंजिन क्षणभर तरी सावरतं. हा सावरला नाही, उलट आणखी गळाठला. टाकीचं झाकण सैल केलं; हवेचं भोक बुजलं असतं तर तिथे फुस्स झालं असतं आणि इंजिन पुन्हा लागलं असतं. तसंही झालं नाही. मग बंद पडल्या पडल्या प्लगच्या वायरला टेस्टर लावून स्टार्टर मारला. ठिणगी पिवळी, बारीक, धड पाव इंचही उडी मारेना. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे प्लगांना पाळीने ठिणगी वाटणारा भाग, आमच्यात तो इंजिनाच्या पुढे. त्याच्यावर बसलेल्या चौकोनी कॉइलला (बॅटरीचे व्होल्ट वाढवून ठिणगी बनवते ती) हात लावला तर बोट टेकवेना, आणि तिच्या कडेने काळं डांबर पाझरलेलं. गार झाल्यावर त्याच टेस्टरवर निळी, टचटचीत ठिणगी.

वायर शोधत मागे गेले. डॅशच्या मागे कॉइलसाठी करंट आवरणारा एक रेझिस्टर असतो. तो भाऊजींनी वगळून वायर सरळ जोडली होती. सहा व्होल्टच्या कॉइलचा आतला रोध जेमतेम एक ओहम किंवा त्याहूनही कमी. तिच्यात थेट बारा व्होल्ट सोडले तर तिच्या ऐपतीच्या दुपटीहून जास्त करंट जातो. ती तापते, आतलं इन्सुलेशन हार मानतं, ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी आतल्या आतच फुटते. गार झाली की परत शहाणी. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, तेही जळतात ते वेगळंच.

नवी कॉइल टाकली, मूळ रेझिस्टर परत जोडला आणि १२ व्होल्टसाठी त्याच्या रांगेत आणखी एक ओहमचा रेझिस्टर घातला. त्यानंतर ट्रॅक्टर तापून कधी बंद पडलेला नाही. भाऊजींचं म्हणणं आजही एकच, कॉइल मुळातच स्वस्तातली होती. दिवाळीत विषय निघतोच.

तेव्हा तुमचं उत्तर: मरतानाच्या क्षणी प्लगची ठिणगी बघा आणि रेझिस्टर आहे का ते बघा. १९४९चा म्हणजे तुमचाही पुढच्या डिस्ट्रिब्यूटरचा, त्यामुळे वरचं सगळं लागू. (१९५०मध्ये २६३८४४ या नंबरच्या इंजिनपासून डिस्ट्रिब्यूटर बाजूला आला, त्याची कॉइल गोल असते. पॉइंटचं अंतर पुढच्याला ०.०१५ इंच, बाजूच्याला ०.०२५, लोक दोन्हींची गल्लत करतात.) पॉइंट बघताय तर त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सरही बदला, गरम झाल्यावर तोही असाच फितूर होतो.

आणि ६ व्होल्टला नावं ठेवणाऱ्यांसाठी. फोर्डने हे ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांवर विकले, सगळे सहा व्होल्टचे, आणि ते बर्फात सुरू होत होते. सहा व्होल्टला तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल जाड हवी. मंडळी कारच्या दुकानातून बारा व्होल्टची बारीक केबल आणतात, अर्थचा जोड गंजलेलाच ठेवतात, मग ट्रॅक्टर सुस्त फिरला की दोष व्होल्टला. आमचाही हिवाळ्यातला रोग तोच होता असं माझं ठाम मत आहे. जुनी केबल मी जपून ठेवली आहे, बघायची असेल तर भाऊजींनी बघावी.

बारा व्होल्ट करणं पाप नाही, नीट केलं तर. दिवे लावायचे असतील तर सोयीचंच.

चोक ओढल्यावर तुमचा ट्रॅक्टर सावरला तर मात्र मी म्हणते ते सोडा आणि पेट्रोलची वाट तपासा. जाळ्या तीन असतात: टाकीच्या आत कॉकच्या नळीवर, वाटीत, आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी कोपऱ्यात. तिसरी कुणी बघत नाही. कॉक दोन आटे उघडायचा. त्यापुढे उघडलात तर राखीव पेट्रोल वापरलं जातं आणि टाकी संपल्याचं कळत नाही. कार्बोरेटरच्या तळाचा बोल्ट काढून डब्यात धार धरा, दोन मिनिटांत अर्धा लिटरच्या आसपास यायला हवं. हे इंजिन पूर्ण गार असताना, कारण तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर नेणारा नळ) बरोबर डोक्यावर असतो. कॉइलला हातही इंजिन बंद करूनच लावा. चावी नुसती चालू ठेवून गप्पा मारू नका, पॉइंट मिटलेले असले तर तेवढ्यानेही कॉइल भाजते.

गार असतानाही ताकद नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघावं लागेल, पण तुमचं वर्णन तसं नाही. नवा कार्बोरेटर परत करता येत असेल तर करा. जुना मूळचा असेल तर तोच साफ करून बसवा; हल्लीच्या स्वस्त नकलांपेक्षा तो बरा.